अडतीस बोटींचा फळा

सुर्वेकाकांना मी पहिल्याच दिवशी क्लासमधून परत पाठवणार होते. भाईंदरजवळ हाटकेशला पत्रे कापणाऱ्या एका गाळ्याच्या वर, दोन खोल्यांत जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेचा माझा क्लास चालतो. खाली कटर सुरू झाला की वर मला ओरडून शिकवावं लागतं. त्यामुळे माझा आवाज आणि माझा स्वभाव दोन्ही चढलेत, असं सासूबाईंचं मत आहे आणि ते मी खोडून काढत नाही. विद्यार्थी सगळे वीस-बावीस वर्षांचे. नोकरी लागेपर्यंत 'मॅडम मॅडम' करणारे आणि लागली की पेढासुद्धा न देता गायब होणारे. त्यांच्यात फेब्रुवारीतल्या एका सोमवारी छप्पन्न वर्षांचे एक गृहस्थ येऊन पहिल्या बाकावर बसले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर जाड पुठ्ठ्याची वही.

"काका, मुलाची ॲडमिशन करायचीये का?" मी विचारलं.

"नाही मॅडम. माझीच."

"तुम्हाला कॉम्प्युटर येतो?"

"थोडी जावास्क्रिप्टच येते," ते म्हणाले. "दोन हजार आठ साली पुस्तकावरून शिकलोय. पण आताची मुलं जे लिहितात ते मला वाचता येत नाही. जावास्क्रिप्टच आहे म्हणतात, पण ओळखू येत नाही."

त्यांनी वहीतून घडी घातलेले कागद काढले. सतरा वर्षांपूर्वीचा त्यांचाच कोड. प्रत्येक ओळ, आता कोणी वापरत नाही त्या 'व्हार' शब्दाने सुरू होणारी. मुलांनी मान लांब करून बघितलं आणि एक जण फिसकन हसला. त्या हसण्याचा मला राग आला, म्हणून मी काकांना ठेवून घेतलं. माझे बरेचसे निर्णय असेच होतात.

काशीनाथ सुर्वे मूळचे गुहागरकडचे. लग्नानंतर भाईंदरला आले आणि उत्तनच्या एका मच्छीमार सोसायटीत कारकून म्हणून लागले. ना कोळी, ना होडीत कधी पाय ठेवलेला. भाईंदरहून उत्तनची बस लागते म्हणून खिशात आल्याच्या वड्या ठेवणारा माणूस. पण सोसायटीचा फळा गेली तीस वर्षं त्यांच्याकडे होता.

तो फळा समजल्याशिवाय सुर्वेकाका समजणार नाहीत. पूर्वी सोसायटीच्या खिडकीशेजारी भिंतीवर काळा फळा असायचा. बोट निघाली की काका खडूने बोटीचं नाव, तांडेलाचं, म्हणजे बोट नेणाऱ्या प्रमुखाचं, नाव आणि वर माणसं किती, ते लिहीत. बोट परत आली की तांडेल स्वतः येऊन आपली ओळ पुसायचा. दुसऱ्या कोणी ती पुसायची नाही. भावाने नाही, बायकोने नाही आणि कारकुनाने तर मुळीच नाही. बोट बंदराला लागलेली साऱ्या गावाने डोळ्यांनी बघितली असली, तरी तांडेल मासळी उतरवून खिडकीशी येईपर्यंत ओळ तशीच राहायची. वादळाचा इशारा असेल आणि फळ्यावर ओळ उरली असेल, तर त्या बोटीचा शोध सुरू व्हायचा. शोधाला जाणाऱ्यांना दुसरं काही विचारावं लागत नसे.

दोन हजार आठ साली काकांनी हा फळा कॉम्प्युटरवर आणला, पण रीत बदलली नाही. खिडकीत स्क्रीन ठेवला. निघालेल्या बोटीची ओळ लाल. तांडेलाने येऊन स्वतः बटण दाबलं की हिरवी. कोणी वाऱ्यामुळे दुसऱ्या बंदराला आसरा घेतला, तर त्याने फोन करायचा. काका स्वतः त्याचा आवाज ऐकत आणि मगच त्याच्यासाठी बटण दाबत. निरोपावर कधी दाबलं नाही.

फळ्याचं हे वेबपान एका जुन्या ब्राउझरच्या खासगी सोयीवर उभं होतं. तो ब्राउझर बंद पडला आणि पान त्या एका जुनाट कॉम्प्युटरपुरतं उरलं. त्यात सोसायटीला नीरज नावाचा नवा सेक्रेटरी आला. गावातलाच, तिशीचा, शिकलेला. त्याला फळा प्रत्येक घरच्या मोबाइलवर हवा होता, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नव्हतं. एका कंपनीने त्याला तयार ॲप दाखवलं. त्यात ऑफिसातला माणूस एका टिचकीत 'सर्व बोटी परत' असं करू शकत होता. कंपनीवाल्याने ते मोठ्या कौतुकाने करून दाखवलं. काका मला म्हणाले, "मॅडम, माझ्या अंगावर काटा आला. अडतीस बोटी, आणि एका माणसाने बसल्या जागी हिरव्या केल्या."

त्यांनी नीरजकडे मुदत मागितली. नीरज म्हणाला, "काका, एक जूनला मासेमारीची बंदी लागते. ऑगस्टला बोटी परत निघतील तेव्हा मला नवा फळा पाहिजे. मेअखेर तुमचा झाला तर तुमचा, नाहीतर कंपनीचा." म्हणून ते माझ्याकडे आले होते. चार महिने होते.

मी मुलांना पहिल्या तासाला सांगते तेच त्यांनाही सांगितलं. ही भाषा एका माणसाने दहा दिवसांत घाईघाईने उभी केली. पुढची वीस वर्षं जग तिच्या चुकांवर ठिगळं लावत बसलं. दोन हजार पंधरात तिचा कायापालट झाला आणि आता दर वर्षी तिच्यात काहीतरी नवं येतं. पण जुनं काढून टाकत नाहीत, कारण जगातली जुनी पानं मोडतील.

"म्हणजे माझं व्हार अजून चालतं?" काकांनी विचारलं.

"चालतं. पण लिहायचं नाही."

"चालतं तर लिहायचं का नाही?"

मुलं हसली. मी फळ्यावर जाऊन दाखवलं, की व्हारने ठेवलेली वस्तू साऱ्या फंक्शनभर फिरते आणि 'लेट'ने ठेवलेली आपल्या कंसाबाहेर जात नाही. काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे स्वयंपाकघरातलं भांडं स्वयंपाकघरातच." मग वहीत डाव्या बाजूला काळ्या शाईने जुनं आणि उजव्या बाजूला निळ्या शाईने नवं असं लिहून घेतलं. ती वही एप्रिलपर्यंत भरली. 'फंक्शन' शब्दाऐवजी नुसता बाण काढून लिहायची फंक्शनं त्यांना शेवटपर्यंत आवडली नाहीत. "फंक्शन आहे तर फंक्शन म्हणा ना, बाण कशाला मारता," असं पुटपुटत ते लिहायचे, पण लिहायचे. ही भाषा देवनागरी नावं चालवून घेते हे कळल्यावर मात्र लहान मुलासारखे खूश झाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या कोडमध्ये 'बोट', 'तांडेल', 'परतली' अशी नावं आली. मी म्हटलं, काका, इंग्रजीत लिहा, पुढे दुसऱ्याला वाचायला सोपं जाईल. ते म्हणाले, "मॅडम, पुढे वाचणारा उत्तनचाच असणार." मला उलट उत्तर द्यायची सवय आहे, घ्यायची नाही. मी चिडले आणि त्यानंतर त्यांचा कोड वाचायला मला कंटाळा येऊ लागला. हे मुद्दाम सांगतेय.

खरी अडचण आली ती वाट बघण्याची. जुन्या पानात बोटींची नोंद त्याच कॉम्प्युटरमध्ये होती. विचारलं की उत्तर तिथल्या तिथे. आता नोंद दूरच्या सर्व्हरवर असणार. विचारलं की आधी हातात पडतं ते 'प्रॉमिस', खरं उत्तर मागाहून येतं. मी समजावलं, "धोब्याकडे कपडे टाकले की तो चिठ्ठी देतो. चिठ्ठी म्हणजे कपडे नव्हेत. कपडे हातात येईपर्यंत थांबायचं असेल तर 'अवेट' लिहायचं."

"आणि लिहायचं विसरलं तर?"

"तर चिठ्ठी घालून ऑफिसला जाल," मी म्हणाले. वर्ग खदखदून हसला, खाली कटर सुरू झाला आणि मी पुढच्या विषयावर गेले. रिकामी चिठ्ठीसुद्धा 'इफ'मध्ये, म्हणजे 'जर'च्या अटीत, घातली की तो तिला 'हो' समजतो, हे सांगायचं राहून गेलं. पुढच्या तासाला सांगू म्हटलं. पुढच्या तासाला मी ते विसरले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात काकांनी पेनड्राइव्ह आणून दिला. "ओळ न् ओळ बघा मॅडम. घाई नाही, पण ओळ न् ओळ." त्या आठवड्यात माझ्या अकरा मुलांच्या मुलाखती होत्या. मी पान उघडलं, एका बोटीचं बटण दाबलं, ती हिरवी दिसली. आधी कोणत्या रंगाची होती ते बघितलं नाही. कोड वर-खाली सरकवला. देवनागरी बघून नेहमीसारखी चिडचिड झाली आणि फाइल बंद केली. काकांनी दोन दिवसांनी विचारलं, "सगळं वाचलंत?"

"हो काका, वाचलं. छान झालंय."

मी वाचलं नव्हतं.

वादळाचा इशारा आला तो मेच्या शेवटच्या आठवड्यात. बंदीच्या आधीची शेवटची फेरी म्हणून अडतीसच्या अडतीस बोटी बाहेर गेल्या होत्या. त्याच संध्याकाळी वायरलेसवरून सगळ्यांना माघारी बोलावलं, उद्या संध्याकाळी सहाच्या आत जवळच्या बंदराला लागा म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला मला काकांचा फोन आला. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता.

"मॅडम, सव्वीस आल्यात, बारा बाकी. खिडकीवर गर्दी झालीये. नीरज म्हणतो नवा फळा आत्ताच उघडा, म्हणजे लोकांना घरी बसून दिसेल."

"मग उघडा की."

"माझी एक तपासणी राहिलीये. एक बोट बाहेर ठेवून बघायची होती, लाल राहते का ते."

"काका, हिरवी होते ना?"

"होते."

"मग जी झाली नाही ती लालच राहणार ना! दुसरं काय होणार?"

नीरजने फोन हातात घेतला. "मॅडम, तुम्ही चेक केलंय ना? करू ना चालू?"

मला आजही तो प्रश्न जसाच्या तसा ऐकू येतो. नाही म्हणायला एक श्वास पुरला असता. "केलंय," मी म्हणाले. "चालू करा."

मग मला राहवेना. माझ्या विद्यार्थ्याने केलेली वस्तू पहिल्यांदा खऱ्या कामाला लागत होती. मी स्कूटर काढली आणि उत्तनला गेले. वाटेत वारा एवढा होता की डोंगरीच्या चढावर स्कूटर आडवी सरकत होती. पोचले तेव्हा पावणेतीन झाले होते. सोसायटीसमोर गर्दी अशी नव्हतीच. वाळत घातलेली मासळी गोळा करून दोन-तीन बायका घराकडे निघाल्या होत्या, हसत होत्या. नीरजने मला बघून हात जोडले.

"मॅडम, काय काम केलंय! पान उघडलं आणि बाराच्या बारा हिरव्या. वसईला, अर्नाळ्याला लागल्यात सगळ्या, तिथून फोनवरनं बटण दाबलंय. आम्ही इथे उगाच जीव मुठीत धरून बसलेलो."

हे शक्य होतं. आठवड्यापूर्वीच काकांनी घरोघरी तांडेलांना चार आकड्यांचा गुप्त नंबर नेऊन दिला होता. तो टाकला की आपल्या फोनवरून आपली ओळ हिरवी करता येत होती. ते बटण आधीपासून सुरू होतं, खिडकीवर आलेले सव्वीस जणही जुन्याबरोबर ते दाबून गेले होते; फक्त फळा उघडायचा राहिला होता. नीरजने तेवढ्यात शोधाला जाणाऱ्यांना कळवूनही टाकलं होतं, की आमचे सगळे आले, आमची यादी रद्द करा. खाडीच्या तोंडाशी वाट दाखवायला निघालेल्या दोन मोठ्या बोटी परत बांधून ठेवल्या होत्या. मला चहा आला. खोटं कशाला बोलू, मला फार छान वाटत होतं.

काका आत जुन्या कॉम्प्युटरसमोर बसले होते. तो त्यांनी बंद केला नव्हता. त्यावर अजून बारा ओळी लाल होत्या, आणि समोर कागदावर तीच बारा नावं लिहिलेली होती.

"काका, अभिनंदन," मी म्हणाले.

"मॅडम, राघोची ओळ हिरवी कशी?"

"म्हणजे?"

"धनसागर. राघो तांडेल, वर सहा माणसं. त्याच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. त्याने माझ्याकडून नंबर घेतलाच नाही. मला म्हणाला, मी खिडकीवरच येणार. आला नाही. मग दाबलं कोणी?"

"दुसऱ्या कोणाच्या फोनवरून दाबलं असेल."

"नंबर दिलाच नाही, तर कोणाच्याही फोनवरून कसं दाबणार?"

नीरज दारात येऊन उभा राहिला. "काका, प्लीज. सर्व्हरवरनं आलंय ते. राघोची बायको विमलाबाई आत्ताच घरी गेली, तो आला म्हणून. परत सगळ्यांना घाबरवू नका."

आणि मी, सुरुची मॅडम, पंचवीस मुलांना उभं करणारी, मी आवाज चढवला. "काका, तुमचा तुमच्या स्वतःच्या कोडवर विश्वास नाही का? चार महिने हेच शिकवलं मी?"

काका माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "माझा राघोच्या हातावर विश्वास आहे. तुम्ही बसा इथे, आपण वाचू."

त्यांनी फाइल उघडली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागले. शाळेत धडा वाचतात तसं. प्रत्येक ओळ मी पहिल्यांदाच ऐकत होते. खिडकीची झडप वाऱ्याने आपटत होती. चाळिसाव्या की पंचेचाळिसाव्या ओळीला ते आले.

"इफ, परतली, बोट," त्यांनी वाचलं. "रंग हिरवा."

मराठीत वाचायला वाक्य अगदी पूर्ण होतं. परतली बोट, तर हिरवा. त्यात काही कमी आहे असं कानाला जाणवतच नव्हतं. मला मात्र दिसलं.

"काका, अवेट कुठेय?"

त्यांनी ओळीवर पेन टेकवलं. "सर्व्हरला विचारतोय इथे," ते हळूच म्हणाले. "उत्तर आलेलं नाही. चिठ्ठी आलीये."

"चिठ्ठी आली की इफ 'हो' म्हणतं," मी म्हणाले. "काहीही हातात असलं की 'हो' म्हणतं. सर्व्हर काय म्हणाला ते कोणी बघतच नाहीये. बोट कुठेही असली तरी हिरवीच दिसणार."

नीरजने विचारलं, "म्हणजे काय? बोटी आल्या की नाही आल्या?"

काकांनी तो शब्द टाइप केला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर आला. फंक्शनच्या आधी, 'अवेट'ला लागतं ते 'असिंक' घातलं, सेव्ह करून सर्व्हरवर चढवलं, पान नव्याने उघडलं. दोन सेकंद सगळ्या ओळी करड्या राहिल्या. मग एकेक भरत गेली. एकतीस हिरव्या, सात लाल. सातवी धनसागर.

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. पान सव्वादोनला उघडलं होतं. पन्नास मिनिटं साऱ्या उत्तनला आम्ही सांगत होतो की समुद्रात आपलं कोणी नाही.

नीरजला मी त्या दिवसापासून मानते. त्याने कोणाला एका शब्दानेही बोल लावला नाही. फोन उचलला आणि शोधाला जाणाऱ्यांना सात बोटींची नावं कळवली. मग बाहेर धावत जाऊन बांधलेल्या दोन बोटी सोडायला लावल्या. काका वायरलेसवर बसले. एकेक नाव हाक मारत होते, थांबत होते, पुन्हा हाक मारत होते. पहिली अर्नाळ्याहून बोलली. दुसरी, तिसरी वसईच्या खाडीत शिरत होत्या. चौथीचा आवाज तुटक आला, पण आला. पावणेचारपर्यंत सहा झाल्या. त्यातल्या प्रत्येकाचा आवाज ऐकून काका कागदावर खूण करत होते.

"धनसागर, धनसागर, उत्तन सोसायटी."

खरखर.

"धनसागर, धनसागर, राघो, बोल रे."

लोकांच्या हातातल्या मोबाइलवर पान पुन्हा उघडलं की सात ओळी लाल दिसत होत्या. घरी गेलेल्या बायका परत यायला लागल्या. विमलाबाई आली तेव्हा तिच्या हाताला तांदळाचं पाणी होतं. तिने स्क्रीनकडे बघितलं, मग काकांच्या पाठीकडे बघितलं आणि पायरीवर बसली. मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. एवढी भीती मला स्वतःच्या बाळंतपणातही वाटली नव्हती. दर पाच मिनिटांनी काका हाक मारत होते. एकदा त्यांचा आवाज बसला. त्यांनी खिशातून आल्याची वडी काढून तोंडात टाकली आणि पुन्हा हाक मारली.

सव्वापाचला खरखरीतून आवाज आला. तो राघोचा नव्हता, सुटलेल्या दोन बोटींपैकी एकीचा होता. धनसागर सापडली होती. पंख्यात जाळं अडकून इंजिन बंद पडलं होतं, वायरलेसची बॅटरी भिजली होती. दोर टाकून ओढत आणत होते. सहाही माणसं होती. राघोचं मनगट मोडलं होतं. मदत पोचायच्या अर्धा तास आधी नांगराचा दोर त्याच्या हातावर आवळला होता.

अर्धा तास. मी पुन्हा पुन्हा तोच विचार करत होते. बोटी सव्वादोनला बांधल्या नसत्या, तर त्या निदान पाऊण तास आधी तिथे असत्या.

बोट बंदराला लागल्यावर धावपळीत कोणी काही विचारलं नाही. कोणीतरी विचारलं तेव्हा नीरज म्हणाला, "नेटवर्क गेलं होतं." लोकांना ते पटलं. उत्तनला वाऱ्यात नेटवर्क जातंच. मला सुटल्यासारखं वाटलं आणि मी तशीच घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. "मॅडम, मी विमलाबाईंना सांगायला जातोय. तुम्ही यायला पाहिजे असं काही नाही."

"काय सांगायला? काका, माणूस आलाय घरी. आता कशाला?"

"नेटवर्क गेलं नव्हतं म्हणून," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी कपात ओतलेला चहा तसाच टाकून निघाले. राग आला होता त्यांचा. कोणी विचारत नाही, कोणाला कळणार नाही, नीरजने सांभाळून घेतलंय, आणि हा माणूस आपल्या पायाने जाऊन सांगणार. शिवाय फळा हातचा जाणार तो वेगळाच. वाटभर मी त्यांना मनातल्या मनात झापत होते. पोचले तेव्हा ते राघोच्या दारात चपला काढून उभे होते. आत राघो हाताला प्लास्टर घालून झोपला होता. विमलाबाई ओट्यावर बोंबील निवडत होती. तिने मला बघितलं, पण ओळखलं नाही.

"विमलाबाई," काका म्हणाले, "काल नेटवर्क गेलं नव्हतं. फळा मी लिहिलाय. त्यात माझ्याकडून एक शब्द राहिला, म्हणून राघो आला असं दिसलं. तो आला नव्हता. त्यामुळे निघालेल्या बोटी थांबल्या आणि वेळ गेला. त्याचं मनगट त्या वेळात मोडलं."

विमलाबाईने हातातला बोंबील खाली ठेवला.

"मी घरी जाऊन भात टाकला व्हता," ती म्हणाली. "गरम पायजे त्याला, म्हणून. पोरीला बोलले, तुजा बाप आला. एवढा वेळ मी सुखात व्हते, काशीनाथभाऊ. तो तिकडं पान्यात, आन् मी हिकडं भात करत व्हते."

काका मान खाली घालून उभे राहिले. माफी मागितली नाही. मागून काय होणार होतं? त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. मला ते बघवेना.

"त्यांची एकट्याची चूक नाही," मी म्हणाले. "त्यांनी मला सगळं वाचायला दिलं होतं. मी वाचलं नाही आणि वाचलं म्हणून सांगितलं. काल पान उघडायच्या आधी एक तपासणी करायची म्हणत होते, मीच करू दिली नाही."

काकांनी चमकून माझ्याकडे बघितलं. मी वाचलं नव्हतं हे त्यांनाही तेव्हाच कळलं.

विमलाबाईने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तू कोन?"

"मी ह्यांना शिकवते," मी म्हणाले.

तिने एकदा काकांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"न्हाय," ती म्हणाली. "आता तू ह्याच्याकडं शिक."

आणि ती पुन्हा बोंबील निवडायला लागली.